त्याने चर्चच्या कागदावर सही केली, मला फक्त कळवलं. मुलांचं आणि देवघराचं तुम्ही कसं ठरवलंत?

ओलीशाई

मी हिंदू, तो कॅथलिक. ओळख कॉलेजपासूनची. दोन्ही घरी रडारड, अबोला, मध्यस्थ काका वगैरे सगळं यथासांग पार पडून आता मंडळी 'करा एकदाचं' इथवर आली आहेत. लग्न नोंदणी पद्धतीनं करायचं हे आमचं पूर्वीच ठरलेलं. कुणी धर्म बदलायचा नाही हेही ठरलेलं. त्यामुळे अवघड भाग संपला अशा समजुतीत मी होते.

गेल्या आठवड्यात चर्चच्या ऑफिसात गेलो. त्याच्या आईची इच्छा आहे की चर्चमध्येही लग्न लागावं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. फादर बोलायला चांगले होते. जरा वेळानं त्यांनी एक छापील कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. मी माझी श्रद्धा सोडणार नाही, आणि होणाऱ्या सगळ्या मुलांचा बाप्तिस्मा होऊन ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी माझ्याकडून होईल ते सर्व करीन, अशा अर्थाचा मजकूर. त्यानं वाचला, पेन मागितलं, सही केली. मी विचारलं, "माझी सही कुठे?" तर म्हणाले, "तुमची लागत नाही. तुम्हाला हे माहीत आहे एवढं पुरे."

बाहेर आल्यावर मी विचारलं, हे तुला आधीपासून माहीत होतं? म्हणाला, "फॉर्मॅलिटी असते गं." सही करताना माणूस इतका गंभीर होतो तेव्हा ती फॉर्मॅलिटी नसते, एवढं मला कळतं.

आईला अजून सांगितलेलं नाही. मी एकुलती एक. आईच्या देवघरातले देव पुढेमागे माझ्याकडेच यायचे. ती फार कर्मठ नाही, पण पूजा एक दिवस चुकवत नाही. तिचा प्रश्न एकच आहे: "तुझ्या घरात माझे देव कुठे बसतील?" तिकडे त्याच्या आईनं परवा अगदी सहज विचारलं, घरात अल्तार (येशूची वेदी) कुठल्या भिंतीला करणार? आमचं घर भाड्याचं, लहान. दोघी ज्या भिंतीबद्दल विचारतायत ती एकच भिंत आहे.

शिवाय बारीकसारीक आहेच. तो आमच्याकडचा प्रसाद घेतो, त्याची धाकटी बहीण घेत नाही. मूर्तीपुढे ठेवलेलं ती खात नाही. माझ्या मावशीनं ते टिपलं आणि आता प्रत्येक फोनवर तोच विषय.

'प्रेम असलं की सगळं होतं' हे कृपया कुणी लिहू नका, ते आम्हीच सगळ्यांना सांगत फिरलो आहोत. मला हवं आहे ते असं: त्या सहीनं नक्की काय बांधलं जातं? मुलांचं तुम्ही कधी ठरवलंत, लग्नाआधी की पाळणा हलल्यावर? आणि आईला सप्तपदी हवी आहे. चर्चमध्येही लग्न आणि सप्तपदीही, असं करता येतं का?

फादरांचा_भाचा

मामा खरोखरच फादर आहेत, त्यामुळे असे कागद घरातल्या टेबलावर पाहत मोठा झालो. मी कॅथलिक, बायको हिंदू. नियमांपुरतं मी सांगतो, संसाराचं इतर लोक सांगतील.

तो कागद कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, ११२५ क्रमांकाच्या कलमातून येतो. सध्याची संहिता १९८३ची आहे. कॅथलिक जोडीदारानं दोन गोष्टी कबूल करायच्या: श्रद्धेपासून दूर नेणारे धोके मी टाळीन, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून माझ्या हातात असेल ते सर्व करीन. त्याच कलमात पुढे असंही आहे की दुसऱ्या जोडीदाराला या वचनाची योग्य वेळी कल्पना द्यावी, म्हणजे त्यालाही नीट समजेल की समोरच्यानं काय कबूल केलंय. योग्य वेळ म्हणजे सही होत असताना शेजारच्या खुर्चीत बसवणं नव्हे. त्याबद्दल तुमच्या होणाऱ्या नवऱ्याचा कान धरलात तर माझी हरकत नाही.

तुमची सही का नाही? १९१७च्या जुन्या संहितेत ती घेत असत. समोरचा कुणीही असो, मुलं कॅथलिकच होतील ही हमी दोघांनाही द्यावी लागे. पोप सहावे पॉल यांनी १९७०मध्ये ते बदललं. दुसऱ्याच्या सद्सद्विवेकावर जबरदस्ती नको म्हणून आता त्याच्याकडून काही लिहून घेत नाहीत. तुम्हाला जे डावललं जाणं वाटलं, ते त्यांच्या बाजूनं सवलत म्हणून आलेलं आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाला ते तसं वाटत नाही, हे बायकोनं मला सुनावलेलं आहे.

सही काय बांधते? 'होईल ते सर्व' एवढंच. मूल कॅथलिक झालं नाही तर लग्न मोडलं असं काही नसतं. ख्रिस्ती पंथांमधल्या आपापसातल्या लग्नांबद्दल व्हॅटिकनची १९९३ची एक मार्गदर्शिका आहे. तिच्यात स्पष्ट म्हटलंय की कॅथलिक पालकानं मनापासून प्रयत्न करूनही मुलांचा बाप्तिस्मा झाला नाही, तर त्याच्यावर शिक्षेची कारवाई होत नाही. तुमचं लग्न त्या प्रकारात बसत नाही, पण वचनाकडे कसं पाहिलं जातं ते यावरून कळेल. वचन मनापासूनचं असतं मात्र. तो ते गंभीरपणे वाचत होता याचा मला तरी आनंदच वाटला.

तुमचा बाप्तिस्मा झालेला नसल्यामुळे या लग्नाला बिशपांची वेगळी सूट लागते. १०८६वं कलम. ती नसेल तर चर्चच्या लेखी लग्न झालंच नाही. विधी बहुतेक मिस्सेशिवाय, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेशिवाय, होतो: वाचन, संमती, अंगठ्या, आशीर्वाद. मिस्साच नसल्यामुळे सगळे कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यायला उठलेत आणि तुमचे आईवडील बाकावर अवघडून बसलेत, असा प्रसंग येत नाही.

सप्तपदीचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. चर्चमध्ये लग्न लागणार असेल तर त्याआधी किंवा नंतर दुसऱ्या धर्मविधीनं त्याच लग्नाची संमती पुन्हा द्यायला मनाई आहे. ११२७व्या कलमाचा शेवटचा भाग. घरगुती आशीर्वाद, ओवाळणं, सत्कार याला आमच्या वेळी कुणी हरकत घेतली नाही, पण सप्तपदी म्हणजे लग्न लावणंच की. दुसरी वाट म्हणजे चर्चच्या विधीपासूनच सूट मागणं. मोठं कारण असलं तर बिशप ती देऊ शकतात, आणि मग चर्चबाहेर झालेलं लग्नही त्यांच्या दृष्टीनं वैध ठरतं. पण त्या वाटेनं त्याच्या आईचं चर्चमधलं लग्न राहून जाईल. दोघींपैकी एकीची इच्छा कुठेतरी अडणार आहे, ते आधीच सांगून टाका.

नास्तिक_नाना

दोन्ही सोडा. ना बाप्तिस्मा, ना बारसं. मूल अठरा वर्षांचं झालं की ठरवेल त्याचं तो. एवढा काथ्याकूट कशाला?

थोरली_जाऊ

नाना, अठरा वर्षं फार लांब आहेत. मूल चौथ्या वर्षी विचारतं की आजी दवाखान्यात आहे तर मी हात जोडू की क्रूस काढू. शाळेच्या अर्जावर धर्माचा रकाना सहाव्या वर्षाच्या आत येऊन बसतो. तेव्हा 'तू मोठा झालास की ठरव' असं त्याला सांगून बघा.

ओलीशाई, मी हिंदू, कॅथलिक घरातली थोरली सून. लग्नाला दोन तपं उलटली. मी वयानं मोठी असणार, म्हणून तू म्हणते.

तू भिंत, प्रसाद, सप्तपदी, बाप्तिस्मा सगळं एका रांगेत लिहिलंयस. मी त्याचे दोन भाग करीन. जे रोज, दर महिन्याला, दरवर्षी परत येतं ते एकीकडे. जे जन्मात एकदाच होतं ते दुसरीकडे. पहिल्या भागाबद्दल आत्ता काहीही ठरवू नका. खरंच सांगते, करार करू नका, तक्ता बनवू नका. ते फिरून येतं, त्यामुळे यंदा बिनसलं तर पुढच्या खेपेला निस्तरता येतं. दुसऱ्या भागाबद्दल मात्र लग्नाआधी एकेक करून बोला, रडू आलं तरी बोला. लोक बरोबर उलटं करतात. सणाला कुणाकडे जायचं यावर महिनाभर वाद घालतात आणि बाप्तिस्म्याचं 'बघू पुढे' म्हणतात.

पहिल्या भागाचं आमच्याकडे कसं झालं ते सांगते. मी तिन्हीसांजेला दिवा लावते. सासूबाईंची रोझरीही त्याच वेळची. सुरुवातीला मी स्वयंपाकघरात पुटपुटत शुभंकरोती म्हणायची आणि त्या बाहेर मुद्दाम मोठ्यानं जप करायच्या, असा मुका सामना चालायचा. कुणी तह केला नाही. मुलगा जन्मल्यावर त्याला झोपवायच्या वेळा आल्या आणि त्यांची रोझरी आपोआप अर्धा तास पुढे सरकली. दिव्याच्या ज्योतीवरून मेणबत्ती पेटवायची, असला जाहिरातीतला प्रकार आमच्याकडे कधी झाला नाही, आणि झाला नाही तेच बरं.

उपासांचंही तसंच. महाशिवरात्र चंद्रावर चालते आणि ईस्टरही पौर्णिमेवरून काढतात, त्यामुळे शिवरात्र आणि राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला दिवस) पुष्कळदा लागोपाठ येतात. २०२३मध्ये १८ आणि २२ फेब्रुवारीला, २०२६मध्ये १५ आणि १८ फेब्रुवारीला. मी कपाळाला भस्म लावते, तीन-चार दिवसांनी नवरा कपाळावर राखेचा क्रूस घेऊन येतो. तो म्हणतो, "आधी तुझी राख, मग माझी." हे वाक्य त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षी सुचलं नव्हतं. तेव्हा आम्ही एकमेकांच्या ताटाकडे बघत होतो.

तुझ्या भिंतीबद्दल माझं ठाम मत आहे: एकाच फळीवर दोन्ही मांडू नका. फोटोत छान दिसतं. पण हात जोडताना आपला नमस्कार नक्की कुणाला पोचतोय, या विचारानं दोघांच्या आया अवघडतात. आमचं अल्तार बाहेरच्या खोलीत आहे, देव स्वयंपाकघरात. तुमच्याकडे एकच भिंत असेल तर एकीला कपाटातला कप्पा द्या. दार असलेलं देवघर काही कमी प्रतीचं नसतं. आणि प्रसाद. मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं की नाही, यावर संत पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात लिहिलंय. तो म्हणतो की मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, पण दुसऱ्याच्या मनाला टोचत असेल तर खाऊ नये. त्याच पानांवरून एक ख्रिस्ती माणूस खातो आणि दुसरा खात नाही. तुझी नणंद तुमचा अपमान करत नाहीये. आवरायचं असेल तर मावशीला आवर. ताट पुढे धरून बघत उभं राहणं ही काही भक्ती नाही.

आता एकदाच होणाऱ्या गोष्टी.

बाप्तिस्मा. भाचेबुवांनी एक गोष्ट सांगितली नाही, ती मी सांगते. तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याला चर्चच्या नियमानं आईवडिलांपैकी किमान एकाची संमती लागते. कलम ८६८. म्हणजे दुसऱ्याची नसली तरी नियम अडत नाही. हे मला गरोदरपणात कळलं तेव्हा माझी झोप उडाली होती. तेव्हा तुझं जे काही म्हणणं असेल ते फादरांना पटवत बसू नकोस. तुझा सगळा जोर तुझ्या नवऱ्यापाशी लागायला हवा.

याहून त्रास देणारं दुसरंच आहे. त्यांच्या बाजूला कागद आहे, नोंदवही आहे, बिशप आहेत. आपल्या बाजूला काय आहे? आई, आजी आणि त्यांची सवय. बारसं करताना कुणी दाखला मागत नाही, देवघरात नाव नोंदवावं लागत नाही. याचा परिणाम असा होतो की बोलणी सुरू झाली की कागदवाल्यांचा तो धर्म ठरतो आणि आपली ती नुसती संस्कृती. 'तुमचं काय, सणवार चालूच राहतील की' हे वाक्य मी माझ्या अत्यंत चांगल्या सासऱ्यांकडून ऐकलंय. त्यात दुष्टावा नव्हता. पण माझी आई रोज ज्याच्यापुढे बसते तो तिच्यासाठी देव आहे, सजावट नव्हे, हे मला त्यांना बसवून सांगावं लागलं. तुलाही सांगावं लागेल. शक्यतो त्यानं सांगावं.

आम्ही असं केलं: मुलांचा बाप्तिस्मा होऊ दिला. त्याच्या वचनाला तो किती धरून आहे हे मी पाहिलं होतं, आणि माझ्या बाजूनं तेवढ्या जोराचा विरोध नव्हता. असता तर मी लग्नाआधीच थांबले असते. बदल्यात नाव माझ्या आईनं ठेवलं. संताचंच नाव हवं अशी सक्ती आता नाही, ख्रिस्ती भावनेला परकं नसलं की पुरतं. फादरांनी आईनं सुचवलेलं नाव दोनदा उच्चारून पाहिलं आणि वहीत लिहिलं. माझ्या भावाला गॉडफादर (बाप्तिस्म्यातला धर्मपिता) व्हायचं होतं, ते जमलं नाही. त्यासाठी दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेला कॅथलिकच लागतो. भाऊ दोन दिवस फुगून बसला होता. तुझ्याकडे कुणी असा हौशी मामा असेल तर त्याला आधीच सांग.

मुलं देवघरात माझ्या आईबरोबर बसतात, आरती म्हणतात, रविवारी मिस्सेला जातात. धाकटीला मिस्सेचा कंटाळा येतो आणि आरतीचाही. त्यात धर्माचा काही संबंध नाही.

आणि मरण. याबद्दल तू विचारलं नाहीस, तुझ्या वयात कुणी विचारत नाही. सासरे गेले तेव्हा दफनभूमीत उभी असताना पहिल्यांदा डोक्यात आलं की इथे नवऱ्याची जागा आहे, माझी नाही. त्याला दफन हवंय. कॅथलिकांना दहनाची परवानगी १९६३पासून आहे, म्हणून मी त्याला विचारून पाहिलं. तो म्हणाला, परवानगी असेल, पण मला माझ्या वडिलांशेजारी झोपायचंय. मला दहनच हवंय आणि अस्थी नदीत. व्हॅटिकननं २०१६मध्ये सूचना काढली की कॅथलिकांच्या अस्थी विखरू नयेत, पाण्यात सोडू नयेत. ती मला लागू नाही, पण माझ्यामागे ते करणारा मुलगा बाप्तिस्मा झालेला आहे. म्हणून मी त्याला सरळ विचारलं, सोडशील ना? म्हणाला, "आई, चहा पिताना कसले प्रश्न विचारतेस?" मग म्हणाला, "सोडीन." ते मी तारखेनिशी लिहून कपाटात ठेवलंय.

आमच्या सगळ्या संसारात सणांवरून, उपासांवरून झालं त्याहून जास्त मला त्या एका संध्याकाळी लागलं. दोघांची दोन ठिकाणं. त्यावर तोडगा निघाला नाही, निघणारही नाही. पण आम्हाला दोघांना ते माहीत आहे आणि मुलांनाही माहीत आहे.

ओलीशाई

जाऊबाई, तुमचं त्याला वाचायला दिलं. 'नुसती संस्कृती' या भागापाशी तो थांबला, मग बराच वेळ काही बोलला नाही. रात्री त्यानं एक तोडगा काढला: पहिलं मूल त्याच्या धर्मात, दुसरं माझ्या. ऐकायला अगदी न्याय्य वाटतं, पण मला पोटात कसंतरी झालं. असं कुणी केलंय का?

फादरांचा_भाचा

सरकारांनी केलंय. प्रशियात, म्हणजे जर्मनीतल्या एका जुन्या राज्यात, १७९४च्या कायद्यानं मिश्र लग्नांतले मुलगे बापाच्या पंथाचे आणि मुली आईच्या, अशी वाटणी होती. १८०३मध्ये ती रद्द करून सगळी मुलं बापाच्या पंथाची असा नियम केला. तोच नियम पुढे कॅथलिक ऱ्हाइन प्रांतात लावला तेव्हा असा भडका उडाला की १८३७मध्ये कोलोनच्या आर्चबिशपांना अटक झाली. ते कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, ख्रिस्त्यांचेच दोन पंथ होते, हे लक्षात घ्या.

माझं वैयक्तिक मत: नको. भावंडांपैकी एकाला पहिल्या कम्युनियनचा पांढरा पोशाख आणि दुसऱ्याला नाही, हे त्या वयात फार मोठं असतं. शिवाय त्याचं वचन 'सगळ्या मुलांबद्दल' आहे. या वाटणीत तो ते अर्धं मोडतो, आणि तुमच्या आईला अर्धंच नातवंड मिळतं.

दोन_चंद्र

मी हिंदू, बायको मुसलमान. कुणीच धर्म बदलला नाही, त्यामुळे निकाह झाला नाही, फक्त नोंदणी. पारंपरिक फिक्हनुसार, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रानुसार, मुसलमान पुरुषाला ज्यू किंवा ख्रिस्ती बायको चालते, मुसलमान बाईला मात्र बिगरमुसलमान नवरा चालत नाही. ट्युनिशियानं अशा लग्नांवरची सरकारी बंदी २०१७मध्ये उठवली, पण सासरेबुवांना ट्युनिशिया सांगून उपयोग नव्हता. ते तीन ईद आमच्याशी बोलले नाहीत.

जाऊबाईंचं एक मला पूर्ण पटलं नाही. दरवर्षी येणारं सैल सोडा म्हणता, ते एका दिवसाच्या सणाला ठीक. रमजान महिनाभर असतो. पहाटेचा गजर, दिवसभर तिचं पाणीही बंद, संध्याकाळी थकवा. मी शेजारी बसून डबा उघडायचा का, पाहुणे बोलवायचे का, हे आम्हाला चक्क ठरवावं लागलं. ठरलं ते असं: मी रोजा धरत नाही आणि धरल्याचं नाटकही करत नाही. सहरीला (रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाला) उठून सोबत बसतो, इफ्तारला घरी असतो. त्या महिन्यात भांडणाचे मोठे विषय काढायचे नाहीत, हा नियम तिचा.

बाकी कॅलेंडर मदत करतं. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून हिशेब जुळवतात, त्यांच्यात तसं करत नाहीत. २०२५मध्ये पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ला आली. घरात आवराआवर एकदाच झाली, पाहुणे दोनदा. काही वर्षांनी हे दोन सण एकमेकांपासून पार लांब जातील, आणि सगळं फिरून इथे यायला तेहेतीसेक वर्षं लागतील. आत्ता पाडव्याचे नियम करून ठेवले असते तर ते आपोआप शिळे झाले असते, एवढ्यापुरतं जाऊबाईंचं बरोबर.

मरणाबद्दल एक भर. पारंपरिक इस्लामी वारसा नियमात मुसलमान आणि बिगरमुसलमान एकमेकांचे वारस ठरत नाहीत. मृत्युपत्रानं एक तृतीयांशापर्यंत देता येतं. देशाचा कायदा काय म्हणतो ते वेगळं आणि तेच कोर्टात चालतं, पण दुःखाच्या दिवशी नातेवाईक कोर्टाचं ऐकत नाहीत, परंपरेचं ऐकतात. म्हणून आम्ही दोघांनी मृत्युपत्रं केली आणि दोन्हीकडच्या एकेका माणसाला तेव्हाच सांगून ठेवलं. तिला दफन, मला दहन, हेही. तिच्या थोरल्या भावानं ते ऐकून घेतलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घरी जेवला.

ओलीशाई

वाटणीचा विषय बंद. आम्ही दोघं शनिवारी बसणार आहोत, फक्त 'एकदाच'वाल्या गोष्टींवर. अस्थींपर्यंत जाऊ असं वाटत नाही, पण बघू. एकच राहिलं: आईला त्या कागदाचं मी कसं सांगू? रोज ओठांवर येतं आणि परत गिळते.

थोरली_जाऊ

तू सांगूच नकोस. सही त्याची आहे, त्यानं सांगावं. एकट्यानं जावं, तू त्या दिवशी सोबत जाऊ नकोस, नाहीतर आई तुझ्या चेहऱ्याकडे बघत बसेल आणि तो तुझ्यामागे लपेल. 'फॉर्मॅलिटी' हा शब्द तिथे वापरायचा नाही. काय कबूल केलंय ते जसंच्या तसं सांगायचं, आणि तुझ्या देवांना घरात कुठे जागा केली आहे तेही सांगायचं. म्हणजे जाण्याआधी ती जागा ठरलेली पाहिजे. शनिवारच्या यादीत ते वरती घ्या.

सप्तपदीसाठी फादरांकडे पुन्हा जाल तेव्हा 'घरी थोडी पूजा आहे' असं मोघम बोलू नका. काय काय करणार ते क्रमानं लिहून न्या आणि यातलं काय चालेल ते विचारा. मोघम विचारलं की 'नाही' म्हणणं सोपं जातं. आमच्या यादीतल्या दोनच गोष्टी त्यांनी काढायला सांगितल्या होत्या.

फादरांचा_भाचा

यादीची एक प्रत स्वतःकडे ठेवा, फादरांच्या बदल्या होतात. आणि बिशपांच्या परवानगीला वेळ लागतो, तेव्हा तारीख पक्की करायच्या आत अर्ज द्या.